आधी समोरच्याची बाजू

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी रुआबांध्याच्या बाजारात भेंडी निवडत होतो. फोन त्याच्या मुन्शीचा, म्हणजे ऑफिसातल्या कारकुनाचा. "भैया, वकील साहब नहीं रहे," एवढं बोलून तो रडायलाच लागला. कोर्टात जायला निघालेला मधू बूट घालायला वाकला आणि तसाच कलंडला, हे नंतर वहिनींकडून कळलं. खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, राग आला. अर्धं काम टाकून उठणारा माणूस नव्हता तो, आणि त्याचं एक काम तर खुर्सीपारला आमच्या जुन्या गल्लीमागे अजून उघडं पडलेलं आहे… भेंडी तिथेच ठेवली आणि स्कूटर काढली.

आम्ही दोघं त्याच गल्लीतले. दोघांचेही वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आलेले. मी पुढे प्लांटमध्येच चिकटलो, मधू वकील झाला, आणि दुर्ग कोर्टात चांगलं नाव होऊनही गल्ली सोडायला तयार नव्हता. मी रुआबांध्याला घर बांधलं तेव्हा शेजारचा प्लॉट त्याला सुचवला होता. "तिथं मले ओळखते कोन?" म्हणाला, विषय संपला. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं ऑफिस. एक टेबल, भिंतीला लागून बाकं, आणि त्या बाकांवर सकाळपासून गल्लीतली माणसं. कोणाला ठेकेदारानं कामावरून काढलेलं, कोणाला नवऱ्यानं घरातून. सगळ्यांचं ऐकून घेतल्याशिवाय मधू कोर्टाला निघायचा नाही, त्यामुळे रोज उशीर आणि रोज घाई.

गल्लीतल्या घरांच्या मागून एक नाला वाहतो. वाहतो म्हणायचं आपलं, खरं तर तुंबतो. जरा पाऊस झाला की त्यातलं पाणी सरळ लोकांच्या चुलीपर्यंत येतं, आणि मग दर वर्षी पोरं तापानं फणफणतात. मधूची धाकटी बहीण लहानपणी त्याच तापात गेली. तो हे कधी बोलून दाखवायचा नाही, पण नाला पक्का व्हावा म्हणून अर्ज करणं त्यानं कधी थांबवलं नाही. वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, स्वतः ठेकेदार, त्याला या कामात रस नव्हता, आणि पार्षदच मागणी करत नसेल तर बाहेरच्याचं ऐकतो कोण? शेवटी एक दिवस मधू मला म्हणाला, "बाहेरून ओरडून घसा बसला बे. आता आत जाऊन बसतो. निवडणूक लढून राहिलो." निर्दलीय, म्हणजे अपक्ष. मला इतका आनंद झाला की प्रचाराची सगळी जबाबदारी मीच अंगावर घेतली. नुकताच रिटायर झालो होतो, हात रिकामे होते.

आणि मग जो वैताग सुरू झाला! घरोघरी फिरायचं म्हणजे हात जोडायचे, नाव सांगायचं, पुढं व्हायचं. मधू प्रत्येक दारात बसायचा. कोणी म्हणालं, शेजाऱ्यानं भिंत पुढं सरकवली, की हा शेजाऱ्यालाही बोलावून घ्यायचा, दोघांचं ऐकायचा आणि तिथेच तोडगा काढायचा. आमचा भोंगेवाला ऑटो प्रचाराचं तेच ते गाणं वाजवत गल्लीच्या तोंडाशी उभा, आणि उमेदवार आत चहा पीत भिंत मोजतोय. मी दारातून खुणा करून दमायचो.

पण खरा घात केला तो त्याच्या कोर्टातल्या सवयीनं. जुनियर पोरांना तो नेहमी शिकवायचा की आधी समोरच्याची बाजू मांडा, त्याच्या वकिलापेक्षा चांगली मांडा, आणि मग ती तोडा. त्या ठेकेदार पार्षदानं गल्लीत अशी आवई उठवली होती की वकील निवडून आला तर नाल्यासाठी तुमची घरं पाडेल. लोकांनी जागा नाही म्हणून मागे अगदी नाल्याच्या काठावर न्हाणीघरं, संडास बांधले होते, त्यामुळे सगळे धास्तावले होते. चौकातल्या सभेला चांगली गर्दी जमली. मी मधूला बजावून सांगितलं होतं, पहिल्या वाक्यात सांग की एकही वीट हलणार नाही. त्यानं माइक हातात घेतला आणि सुरुवात काय केली? "मेरे विरोधी कहते हैं कि नाला पक्का होगा तो आपके मकान टूटेंगे. उनकी बात गलत नहीं है." मी कपाळाला हात लावला. पुढची दहा-पंधरा वाक्यं त्यानं ठेकेदाराची बाजू अशी काही समजावून दिली की ठेकेदारालाही ती तशी जमली नसती. त्यानंतर तो मुद्द्यावर आला. नाला जुन्या जागेवरून नेला तरच घरं तुटतील, रस्त्याच्या कडेनं नेला तर कोणाच्या न्हाणीलाही हात लावावा लागणार नाही, आणि तशी आखणी त्यानं एका इंजिनियरकडून करवूनही घेतली होती. पण तोवर अर्धा चौक रिकामा झाला होता.

"अरे, जज उठून जात नाही," मी घरी येऊन ओरडलो. "चौकातला मानूस उठून जाते!"

"अर्धंच आयकलं तर त्याईचंच नुकसान हाये," मधू शांतपणे म्हणाला.

नुकसान झालं ते त्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याच्या भाषणाचा पहिला तुकडा फिरत होता. 'उनकी बात गलत नहीं है' आणि खाली मोडलेल्या घराचं चित्र. मी म्हटलं, जा आणि घरोघरी सांग की हा व्हिडिओ कापलेला आहे. तो गेला, आणि प्रत्येक दारात त्यानं सुरुवात केली, "व्हिडिओत जे बोललो ते मीच बोललो आहे…" आता अशा माणसाचं काय करायचं?

मधू हरला. थोडक्यात हरला, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेलो तर बाकं नेहमीसारखीच भरलेली! नाल्याला अगदी खेटून राहणारी शकुनबाई मुलाच्या नोकरीची कागदं घेऊन सगळ्यांत पुढे. माझा ताबा सुटला. "मावशी, मत कोनाले देलं?"

"खोटं कावून बोलू भाऊ? न्हानी तुटन म्हनून भेव वाटलं. अन् वकीलसाहेब तं आपलेच हायेत. हारले तरी कुठं जातेत?"

मधू हसला आणि त्यानं कागद घ्यायला हात पुढं केला. ती गेल्यावर मी काही बोलणार, तोच म्हणाला, "तिचंबी बरोबर हाये गा. न्हानी बांधाले तिनं किती वर्षं काढली, तुले मालूम नाही का?" त्या दिवशी मला शकुनबाईपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

पुढेही तो अर्ज करतच राहिला. नाला तसाच आहे. मधू गेल्यावर शोकसभेत त्याच ठेकेदार पार्षदानं डोळे पुसले, चौकाला मधूचं नाव देऊ म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाल्याचं नाव कोणी काढलं नाही.

तेरवी होऊन काही दिवस झाले तेव्हा वहिनींना भेटायला गेलो. पुढची खोली उघडी, आणि बाकांवर माणसं! शकुनबाईही होती. हातात कागद नव्हते, काम नव्हतं. सवयीनं येतात आणि बसतात, असं मुन्शी म्हणाला. "भाऊ," शकुनबाई मला म्हणाली, "पुढच्या खेपीला आमी त्याईलेच मत देनार होतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मग मात्र मला राहवलं नाही. तुमची पोरं आजारी पडू नयेत म्हणून तो माणूस आयुष्यभर झिजला, एकदाच तुमच्याकडे काहीतरी मागायला आला, आणि तेवढंही तुमच्यानं झालं नाही, असं मी सगळ्यांसमोर बोललो. आवाज चढला होता.

शकुनबाई खाली बघत म्हणाली, "वकीलसाहेब आमच्यावर कदी असे चिडले नाही, भाऊ."

"नाही चिडला," मी म्हटलं. "चिडाले पाहिजे होतं त्यानं. म्हनून आता मी चिडून राहिलो."

एवढं बोलल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुखवट्याच्या घरात आरडाओरडा… माफी मागावी म्हणून मी आतल्या दाराकडे वळलो. वहिनी केव्हाच्या तिथे येऊन उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला, डोळे कोरडे.

"थांबू नका भाऊजी," त्या म्हणाल्या. "बोला. मले आयकाचं हाये."