बिनआवाजाची ट्रॉली

लिहिण्याचा आपल्याला काही अधिकार आहे का, याविषयी मी स्वतःच साशंक आहे. तेव्हा वाचकांनी आरंभीच क्षमा करावी. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी जे काही लिहिले, ते रुग्णांच्या केसपेपरवर. ‘ड्रेसिंग केले. रुग्णाने सहन केले.’ यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात जळगावच्या बसस्थानकावर जे घडले, त्याचा धक्का या दोन वाक्यांत मावत नाही.

धुळ्याच्या एका सरकारी रुग्णालयात मी जळीत वॉर्डाचा ब्रदर आहे. ब्रदर म्हणजे पुरुष परिचारक. घर जळगावला, मेहरूणमध्ये. भाजलेल्या अंगावरची पट्टी वरचेवर बदलावी लागते. सलाईनने ती कितीही भिजवली, तरी शेवटचा पदर जखमेला धरून बसतो, आणि तो सोडवणारा हात माझा असतो. टोपी आणि मास्क यांमुळे रुग्णांना माझे केवळ डोळे दिसतात.

ज्यांच्यामुळे हे लिहितो आहे, त्या अक्का चोपड्याकडच्या. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या. धुळ्याला लेकीकडे आल्या असताना चुलीपाशी पदराने पेट घेतला आणि उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. हात वाचेल की कायमचा आखडेल, याची खात्री कोणालाच नव्हती.

आमच्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीचे एक चाक कुरकुरत असे. तो आवाज दारातून येताच वॉर्डातील माणसे आधीच रडू लागत. मला वाटले, निदान तेवढा त्रास तरी वाचवावा. मी चाकाला तेल घातले. दुसऱ्या दिवशी ट्रॉली अक्कांच्या खाटेशी मुकाट्याने जाऊन उभी राहिली, आणि त्या किंचाळल्याच.

“चोरनागत ऊना रे भाऊ! चाकले काय व्हयनं?”

“तेल घातलं, अक्का. आवाजाचा त्रास होतो म्हणून.”

“म्हणजे आते दिनभर दारकडेच देखत ऱ्हावू का मी? चाक वाजाना आधी जीवले घोर तरी नव्हता!”

चाक वाजेपर्यंत त्या निर्धास्त असत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, “आते तूच गळामा घंटी बांध, भाऊ!” जळीत वॉर्ड क्वचितच हसतो, त्या दिवशी हसला.

घंटी मी बांधली नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून दारातूनच हाक देऊ लागलो, “आलो बरं का, अक्का!” आणि त्या आतून उत्तर देत, “ये रे यमराजा, ये!” पट्टी सुटताना मला शिव्याही देत. मी त्या मनावर घेतल्या नाहीत. त्यांचा हात हळूहळू भरून येत होता, बोटे मिटत होती, कोपर वळू लागले होते. त्या घरी गेल्या तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांना शाल आणि नारळ दिला. मी त्या वेळी दुसऱ्या खाटेपाशी पट्टी भिजवत होतो, आणि त्याचे मला खरोखरच काही वाटले नाही.

पुढे काही महिन्यांनी मेट्रनबाईंनी मला बोलावले. वॉर्ड बदलून मिळावा, असा माझा जुना अर्ज त्यांच्यापाशी पडून होता.

“ब्रदर, इंजेक्शन रूमला जागा झाली आहे. पाठदुखी आहे तुम्हाला, तिथे या. सोमवारी सांगा. का अजून त्या वॉर्डातच समाधान मिळतं तुम्हाला?”

“मिळतं, मॅडम,” मी म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांपुढे अक्कांचा तो उजवा हात आला. माझ्याजवळ समाधानाचा दुसरा पुरावा नव्हता.

रविवारी मेहरूणहून धुळ्याला परतण्यासाठी मी बसस्थानकावर आलो, तर चोपड्याच्या फलाटावर अक्का पाठमोऱ्या उभ्या. भरलेली पिशवी उजव्या हातात धरून कोणा बाईशी हसत बोलत होत्या. त्याच, भाजल्याचे वण असलेल्या उजव्या हातात! मी स्वभावाने भिडस्त आहे. अनोळखी माणसाला वेळ विचारतानाही मला संकोच वाटतो. पण त्या क्षणी मला राहवले नाही. मी मागूनच हाक मारली, “आलो बरं का, अक्का!”

पिशवी खाली पडली. मान वळण्यापूर्वीच उजवा हात छातीशी आवळला गेला, डोळे घट्ट मिटले, आणि पट्टीचा शेवटचा पदर सुटताना जो आवाज निघत असे, तोच आवाज भर बसस्थानकात त्यांच्या तोंडून निघाला.

“कोन शे रे तू? बाईनी छेड काढस का?” सोबतची बाई माझ्यावर धावून आली. माणसे जमली. मला दवाखान्याचे नावसुद्धा सुचेना.

अक्कांनी डोळे उघडले. माझा चेहरा त्या प्रथमच पाहत होत्या. माझे डोळे ओळखून म्हणाल्या, “यमराजा? तूच शे का?” मग सोबतिणीला, “ऱ्हाऊ दे वं. दवाखानाना भाऊ शे.” मी क्षमा मागू लागलो, तर मला थांबवून त्या म्हणाल्या, “मी कोठे घाबरनू, भाऊ? हाऊ हात घाबरना.”

त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. हात मात्र छातीपासून सुटला नव्हता. पिशवी मी उचलून द्यायला वाकलो, पण ती सोबतच्या बाईने घेतली. बस आली. खिडकीपाशी बसून अक्का समोर पाहत राहिल्या.

धुळ्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. सोमवारी मी मेट्रनबाईंना सांगितले, की जळीत वॉर्डातच राहीन. “म्हणजे समाधान आहे,” असे म्हणून त्या कामाला लागल्या. तो हात पिशवी उचलत होता, एवढे मी पाहिले होते.

ट्रॉलीचे चाक पुन्हा कुरकुरू लागले आहे. या वेळी मी त्याला तेल घातलेले नाही, आणि दारातून हाकही देत नाही. परंतु एक गोष्ट मला अजून ठरवता येत नाही, म्हणून विचारतो. तुमची जखम बरी करणारा माणूस उद्या तुम्हाला रस्त्यात दिसला, तर त्याने तुम्हाला हाक मारावी का?