कवटी उजळली

माझी वहिनी मेंदूच्या चित्रासाठी औषध बनवते. औषध म्हणायचं एवढंच, त्याने बरं कुणी होत नाही. विस्मरणाच्या आजारात मेंदूत एक चिवट प्रथिन साचतं. त्याला जाऊन चिकटेल असा रेणू शोधायचा, त्याला किरणोत्सर्गी फ्लोरीनची शेपटी जोडायची आणि शिरेतून टोचायचा. प्रथिन साचलंय तिथे यंत्राला उजेड दिसतो.

कित्येक वर्षं खपून तिने असा एक रेणू बनवला. उंदरांत तो उत्तम चालला. निदान उंदरांनी तक्रार केली नाही. मग निरोगी माणसं हवी होती. तिच्या खात्यातल्या झाडून सगळ्यांना त्याच आठवड्यात पाठदुखी सुरू झाली. आमच्याकडे जेवताना वहिनी हे बोलली, तर माझी बायको म्हणाली, "यांना न्या. यांचा मेंदू तसाही पडूनच असतो."

मी गेलो. टोचून झाल्यावर मला नळकांड्यासारख्या यंत्रात सरकवलं.

"हलू नका, भावोजी."

"विचार केला तर चालेल?"

"करून बघा."

चित्र आलं. आत मिट्ट काळोख आणि भोवती कवटी लख्ख उजळलेली. बायकोने ते पाहिलं आणि विचारलं, "यात नवीन काय सापडलं?"

विभागप्रमुख मात्र खूश. "निरोगी माणूस, मेंदू स्वच्छ. आता रुग्णांवर सुरू करू." त्यांनी उद्घाटन समारंभाची पत्रिकाही छापून घेतली.

"सर, शेपटी तुटतेय," वहिनी म्हणाली. "फ्लोरीन सुटून हाडात जातोय."

"मग चित्रातून कवटी कापून टाका. आपला विषय मेंदू आहे."

"कवटीचा उजेड मेंदूच्या कडेवर सांडतो. आजार शोधायचा तिथेच. धडधाकट माणसाला आपण आजारी ठरवू."

"इतकं खोलात गेलं तर संशोधन व्हायचं कसं?" असा मौलिक प्रश्न सरांनी विचारला.

रुग्णांवर वापर सुरू करायच्या कागदावर वहिनीने सही केली नाही. समारंभ रद्द झाला, ती विघ्नसंतोषी ठरली आणि तिचं टेबल गोदामाशेजारी गेलं. "भावोजी, तुमच्या कवटीने माझी इतकी वर्षं खाल्ली," ती हसत म्हणाली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मला विनोद सुचेना. असं क्वचितच होतं.

पुढे तिने शेपटीजवळचे हायड्रोजनचे अणू काढून तिथे जड हायड्रोजन बसवला, म्हणजे शेपटी सहजी तुटत नाही. सांगायला एक वाक्य लागलं, करायला दोन वर्षं. पुन्हा मीच आडवा झालो. या वेळी कवटीही काळी. बायको म्हणाली, "आता तर काहीच उरलं नाही." वहिनी त्या काळोखाकडे डोळे भरून बघत राहिली.

या रेणूचं पारितोषिक अर्थातच विभागप्रमुखांना मिळालं. भाषणात ते संयमाचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलले.

पहिली रुग्ण एक निवृत्त शिक्षिका होती. चित्रात तिच्या मेंदूच्या कडा उजळल्या होत्या. डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर तिच्या मुलीने वहिनीला बाहेर गाठलं.

"कळलं काय झालंय ते. आता औषध?"

"अजून नाही," वहिनी म्हणाली. "पण त्या मुद्दाम विसरत नाहीत, एवढं नक्की."

मुलगी बाकावर बसली. म्हणाली, "मी रोज ओरडायचे तिच्यावर."

वहिनी तिच्याशेजारी बसून राहिली.