आखूड कॉइल आणि नोनाचं कडक पाणी

आमच्या डोंगरावर हिवाळ्यात सकाळी कुरणं पांढरी पडतात आणि नळाचं पाणी बोटं तोडतं. नेमकी त्याच दिवसांत न्हाणीघरातल्या शॉवरच्या पोटातली, विजेवर पाणी तापवणारी कॉइल जळते. उन्हाळ्यात ती कधी जळल्याचं मी ऐकलेलं नाही. अंगावर साबण आणि डोक्यावर गार पाणी, अशा अवस्थेत माणूस तोंडाला येईल ते बोलतो, पंचा गुंडाळतो, आणि दुकान उघडलं की नाईरच्या दारात येऊन उभा राहतो.

नाईर झानात्ता म्हणजे खिळे, दोर, वायरी आणि शॉवरच्या कॉइली विकणारी बाई. मी तिच्या समोर खोगिरं शिवतो. सकाळी माते नावाच्या कडू पाल्याच्या गरम काढ्यानं भरलेला वाळका भोपळा आमच्या दोघांत फिरतो, एकाच नळीनं. तिचा नवरा जेनेझियो विजेच्या खांबांवर चढायचा. गुडघे गेले तेव्हा खाली उतरला आणि हे दुकान काढलं. त्याच्याकडून ती वीज शिकली ती भांडून भांडून. तो काही सांगायचा, आणि नाईरला पटलं नाही तर रात्रभर वाद. तो गेला, दुकान राहिलं, वाद घालायची सवयही राहिली. आता वाद गिऱ्हाइकांशी.

कारण आमच्या गावची खोड अशी, की कॉइल जळली तर नवी घेणार नाहीत. जळलेला तुकडा तोडायचा, उरलेली स्प्रिंग ओढून पुन्हा आकड्यात अडकवायची. बापानं केलं, आजानं केलं. वर पाणी आधीपेक्षा कडक येतं, म्हणजे दुरुस्ती झकास झाली असा हिशेब. नाईर ह्या हिशेबाशी डोकं फोडत आली, आणि सगळ्यात कठीण डोकं निघालं तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, आईजवळ राहणाऱ्या ओलीवोचं.

ओलीवो एका सकाळी दुकानात आला तो टोपीसुद्धा न काढता.

"मोठा खटका दे गं. लहान पडतोय."

"कुठला खटका?"

"मीटरजवळचा, वीज तोडणारा. माई आंघुळीला गेली की तटकन पडतोय. ती आत वरडती, मी भाईर पळतो, चढवतो, परत पडतो."

नाईरनं हातातला भोपळा माझ्याकडं दिला. "कॉइल बदललीस?"

"बदलायची कशाला? तोडून जोडली. आता बघ, पाणी कसं येतंय. माईची पाठ लाल हुती."

"ओलीवो, तू कॉइल आखूड केलीस."

"व्हय. मग?"

"आखूड तार म्हंजे विजेला अडवणारं कमी. त्यालाच रोध म्हणत्यात. रोध कमी झाला की वीज जास्त धावती. तेवढी वीज भिंतीतल्या बारक्या वायरीतनं जातीया. म्हणून खटका पडतोय. तो तुला सांगतोय, आता बास कर."

"खटका मला काय सांगणार? तो कमजोर हाय."

"तो शाणा हाय. तुझ्यापरीस तरी."

मी मधे पडलो, पण नाईरनं माझ्या हातातून भोपळा ओढला आणि भावासमोर धरला. "ही नळी बघ. चोथा बसला की ओढायला जोर लागतो आन् घोट बारीक येतो. चोथा काढला की भसकन येतं आन् जीभ भाजती. समजलं?"

ओलीवोनं नळीकडं पाहिलं, एक लांब घोट घेतला आणि म्हणाला, "म्हंजे चोथा काढलेला बरा."

नाईरनं त्याला खटका विकला नाही. "माझ्या दुकानातनं न्हाई. त्या घराच्या भिंती सुक्या पाइनच्या लाकडाच्या हायत. आत माई झोपती."

"मग पेट्रोल पंपाजवळ मिळतोय," तो म्हणाला, आणि खरंच तिथून घेऊन गेला.

आता खटका पडायचा बंद झाला. ओलीवोच्या लेखी रोग बरा झाला. नाईरच्या लेखी त्या घरातलं राखणीचं कुत्रं ह्यानं स्वतःच्या हातानं मारलं होतं. वायर कितीही तापली तरी भुंकणारं कुणी उरलं नव्हतं. ती दुकानात कुणालाच धड उत्तर देईना. मला म्हणाली, "उद्या ते घर पेटलं तर गाव म्हणंल, वीज लई वाईट. कुणी म्हणणार न्हाई का ओलीवो लई गाढव."

ती आईकडं गेली. मीही गेलो, कारण तिला शिडी धरायला कुणीतरी लागणार हे मला दिसत होतं. गावभर जिला नोना, म्हणजे आजी, म्हणतात ती आसुंता म्हातारी चुलीपाशी बसून पाइनच्या बिया भाजत होती.

"माई, भिंतीतनं कसला वास येतोय का?"

"येतो की. बियांचा."

"आंघुळीच्या वक्ताला?"

"चूल तवाबी पेटलेली असती. तुला काय पायजे ते सांग."

नाईरनं विनवलं, दटावलं, पुन्हा रोध समजावला. म्हातारीनं शांतपणे एक बी सोललं.

"तू दिलेल्या कॉइलीनं माझ्या अंगावर शेळीच्या मुतासारखं कोमट पाणी पडायचं. ओलीवोनं माझी हाडं शेकली. ह्या वयात दुसरं मागते काय मी? तुमचा रोध का फोध तुमच्यापाशी ठेवा."

बाहेर आल्यावर नाईरनं फाटक लावलं. मग म्हणाली, "म्हातारीचंबी खरं हाय. कॉइल हलकी हुती."

रविवारी ओलीवो लाकडी गोळ्यांचा खेळ खेळायला गेला. आम्ही वायरीचं जाड भेंडोळं, नवा शॉवर आणि शिडी घेऊन घरात शिरलो. नाईरनं मीटरजवळून वीज बंद केली आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या अंगाची फळी उचकटली.

आतली वायर उघडी पडली होती. वरचं प्लास्टिक वितळून मेणासारखं ओघळलेलं, आणि फळी तळहाताएवढी काळी. नाईरनं आईला हाताला धरून आणलं. म्हातारीनं काळ्यावर बोट फिरवलं आणि बोट हुंगलं.

"भिंतीत चूल मांडली व्हय त्यानं?"

"तेच सांगत हुते."

"मग असं सांगायचंस की. नळी, चोथा, काय काय बोलत बसलीस." मग जाता जाता म्हणाली, "कर काय करायचं ते. पाणी मातर कमी कडक झालं तर बोलणार न्हाई तुझ्याशी."

अर्धं काम झालं तोच ओलीवो परतला. हरून आला होता, हे चालण्यावरून कळत होतं. जाड वायर पाहून त्याचे डोळे बारीक झाले.

"ही जाड कशाला?"

"जाड वायरीला रोध कमी असतो."

"थांब." त्यानं बोट वर केलं. "परवा म्हणालीस रोध कमी केला म्हणून घर पेटंल. आज तूच कमी करायलीस. एक काय ते ठरव."

नाईरनं शिडीवरून माझ्याकडं पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही ओलीवोचं बरोबर वाटत होतं. मी शिडीकडं बघत राहिलो.

ती खाली उतरली. "बाबा गुरांना गोचिडाच्या औषधाला न्यायचा, आठवतंय? कळप एकच. रुंद वाटंनं जाताना कुणाचं अंग घासत न्हाई. औषधाच्या अरुंद नाळीत घासतं. घासलं की तापतं. तापायचं ते कॉइलीत, तिथं पाणी हाय. भिंतीत न्हाई. तू नाळ आखूड केलीस, म्हंजे कळप उधळला, आन् भिंतीतली वाट हुती बोळाएवढी. मग कुंपणं मोडली. मी वाट रुंद करते. नाळ नवी बसवते, न तोडलेली, जेवढ्या कळपाला लागंल तेवढी."

ओलीवोनं हनुवटी खाजवली. गुरांचं त्याला कळतं. बराच वेळ त्यानं मनातल्या मनात गुरं हाकली असावीत.

"म्हंजे माझी कॉइल बरोबर हुती," तो म्हणाला. "वाटच चुकीची हुती."

नाईरच्या हातात पक्कड होती. मी एक पाऊल मागं सरकलो.

"व्हय," ती दात चावून म्हणाली. "तुझंच खरं. फकस्त परत हात लावू नगंस."

जुनी तोडलेली कॉइल जमिनीवर पडली होती. तो वाकून म्हणाला, "ही टाकू नगं. अजून लांब हाय." नाईरनं ती उचलून स्वतःच्या खिशात कोंबली.

नव्या शॉवरची कॉइल मूळचीच दांडगी होती, खटका वायरीच्या मापाचा. वीज सुरू केली आणि नोना पंचा घेऊन आत गेली. ओलीवो दारात उभा राहून शेजाऱ्याला सांगायला लागला, की जोडणी त्याचीच, बहिणीनं जरा वायर तेवढी बदलली.

नाईर मागच्या अंगाला गेली आणि काळ्या फळीच्या जागी बसवलेल्या नव्या फळीवर तळहात टेकून उभी राहिली. आत पाणी जोरात पडत होतं, फटींतून वाफ येत होती.

"कसं हाय गं माई?"

"झकास," आतून आवाज आला. "ओलीवोला सांग, आजबी हाडं शेकली."

म्हातारी बाहेर येईपर्यंत नाईरनं फळीवरचा हात काढला नाही. फळी गारच होती.