माकडांचं इंग्रजी

माणसानं शेण खावं, पण निदान चार भिंतींच्या आड खावं. मी ते लोणावळ्यात, भरल्या तंबूत, सोड्याच्या खोक्यावर उभा राहून खाल्लं. ऐकायचंय? मग बसा निवांत. चहा घ्या आधी.

गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या थोडी आधीची. मी मूळचा वराळ्याचा, पण तेव्हा लोणावळ्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर टेबल लावायला होतो. इंग्रजी म्हणाल तर 'येस सर', 'टी रेडी सर' आणि कपबशी फुटली की 'सॉरी सर'. तेवढ्यावर माझं उत्तम चाललं होतं.

पण माझ्या तुकामामानं लोहगडवाडीला माझी सोयरीक काढली. मामा बोलायला लागला की त्याला धरबंध नसे. मुलीच्या वडिलांना, आबांना, त्यानं सांगून टाकलं, "पोरगं फाडफाड इंग्रजी बोलतंय. सायब कुटं अडला तर ह्यालाच इचारतो." आबा एकदम खूश. वाडीत इंग्रजी बोलणारा जावई अजून कुणालाच मिळाला नव्हता.

ठरलं असं की आबांनी घरच्यांना घेऊन बाजाराच्या दिवशी लोणावळ्यात यायचं, मी त्यांना भेटायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी वाडीला मुलगी बघायला जायचं. आता, मुलगी मी बाजारातच बघितली हे तुम्हाला म्हणून सांगतो. मोटारीच्या भोंग्यानं त्यांच्या गाडीचा बैल बुजला होता, आणि ही त्याच्या मानेवर हात टाकून त्याच्याशी काहीतरी बोलत उभी होती. बैल शांत झाला. माझं मात्र उलटं झालं. तिचं नाव येसू.

संध्याकाळी आबा म्हणाले, "पाव्हणं, त्यो शिनेमा म्हनत्यात त्यो दावा की आमाला."

मैदानात रसूलभाईंचा तंबू लागला होता. रसूलभाई लोणावळ्याचेच, घरचं दुकान भावाच्या गळ्यात घालून सिनेमाच्या नादी लागलेले. आत एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, मधे कनात. मुख्य चित्रपट देवादिकांचा होता, पण त्याआधी रसूलभाईंनी एक छोटा सिनेमा लावला, नुसता चित्रांचा. काढलेलं जंगल, काढलेली झाडं, आणि त्यात काढलेली माकडं आपली आपण पळतायत, झोके घेतायत, सिंहाच्या डोक्यात नारळ टाकतायत. वाडीच्या लोकांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

टोपी घातलेलं एक माकड पुढं आलं आणि हातवारे करून काहीतरी बोललं. आबांनी मला कोपरानं ढोसलं.

"काय म्हनतंय त्ये?"

मी कान देऊन ऐकलं. एक अक्षर कळलं नाही. पण साहेब घाईत बोलला तरी मला कळत नसे. म्हटलं, हे घाईचं इंग्रजी असणार. पडदा विलायती, माकड विलायती, ते दुसरं काय बोलणार? आणि कनातीच्या पलीकडं येसू बसलेली.

"म्हणतंय, माझ्या बहिणीला सिंहानं पळवलं."

"आरारारा," आबा म्हणाले आणि मागच्याला सांगितलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. लगेच मागून हाक आली, "वो, मोठ्यानं सांगा की. आमी काय पाप केलंय?"

रसूलभाई धावत आले. त्यांनी सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं आणलं आणि मला त्याच्यावर उभं केलं. "दामू, बोल बाबा. लोकांना आवडतंय."

मग काय, मी सुटलोच. टोपीवाल्याला भाऊ केलं, घागऱ्यातल्या माकडिणीला त्याची बहीण केलं. नदीतली मगर म्हणजे मामा. माकडांनी एकमेकांच्या शेपट्या धरून नदीवर पूल केला, तेव्हा मी मगरीच्या तोंडी असं भाषण घातलं की बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचे आवाज आले. शेवटी सिंह चिखलात पडला आणि तंबू टाळ्यांनी हलला. आबा शेजाऱ्याला सांगत होते, "आमचा जावई."

इथंच दिवे लागले असते तर मी आज तुमच्यापुढं ताठ मानेनं बसलो असतो. पण मुख्य चित्रपटाच्या रिळांचा डबा यायचा होता पुण्याच्या गाडीनं, आणि गाडीचा पत्ता नव्हता. लोक चुळबुळ करायला लागले. रसूलभाईंनी माझा हात धरला.

"तेच परत लावतो. तू परत सांग."

"परत?"

"जसंच्या तसं सांग. अडचण काय आहे?"

अडचण अशी होती की मी काय सांगितलं होतं, ते मलाच आठवत नव्हतं.

टोपीवाला पुढं आला, मी म्हणालो, "हा म्हणतो, माझी बायको सिंहानं पळवली."

कनातीपलीकडून एक मावशी म्हणाली, "वो मास्तर, मगाशी ती त्याची भन व्हती."

"मावशी, मघाशी मला नीट ऐकू आलं नव्हतं."

पुढं मगर आली. मी तिला पोलीस पाटील करून बसलो. "मामा कुटं गेला मंग?" कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, मामाच पाटील आहे. मग मामा भाचीला सोडवायला इतका वेळ का लावतो, भाची आहे का भाचेसून, आणि पाटील असून नागडा कसा, असे सगळीकडून प्रश्न यायला लागले. मी घामानं भिजलो. आबा खालून हळूच म्हणाले, "पाव्हणं, इंग्रजीत असं बदालतं व्हय?"

"बदलतं, आबा. फार अवघड भाषा आहे ती."

तेवढ्यात डबा आला. आयुष्यात आगगाडीचे एवढे उपकार मला कधी वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि तुकामामा लोहगडवाडीला. पोहे आले, येसू आली, खाली बघून बसली. मामानं नाव विचारलं, सैपाक येतो का विचारलं. मग मोठेपणा दाखवायला म्हणाला, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार. आमचा पोरगा सुधारलेला हाय."

येसू खालीच बघत म्हणाली, "काल ती माकडं इंग्रजीच बोलत व्हती न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग आमच्या फणसावरची बी इंग्रजीच बोलत्यात."

मागच्या परड्यात फणसावर माकडांची टोळी बसली होती, ती नेमकी भांडायला लागली. च्यॅक च्यॅक खीं खीं. तेच. अगदी तेच. टोपीवाल्याची तक्रार, मगरीचं भाषण, सगळं आलं त्यात. मामानं बशीत मान घातली आणि एकेक पोहा मोजल्यासारखा खाऊ लागला.

आबांनी बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "पाव्हणं, आता काय म्हनतंय त्ये?"

"आबा," मी म्हणालो, "मला माहीत नाही. कालही माहीत नव्हतं."

म्हटलं, संपलं. टोपी उचलावी आणि निघावं. पण आत बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं, मग येसूचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी आबा असे हसले की त्यांना ठसका लागला. येसूनं आईला आत जाऊन सांगितलं म्हणे, की इंग्रजीचं जाऊ दे, ह्या माणसाच्या घरी करमणूक होईल.

लग्न झालं. आबांनी मात्र आपला हट्ट सोडला नाही. इंग्रजीवाला जावई मिळाला नाही ना, मग त्यांनी गावभर सांगितलं की आमच्या जावयाला माकडांची भाषा येते. फणस पिकायला लागला की मला बोलावणं यायचं. मला मचाणावर बसवायचे आणि खालून म्हणायचे, "जावईबापू, समजावून सांगा त्येंना."

मी हात जोडून, ओरडून, सगळ्या तऱ्हांनी समजावलं. माकडं माझं पूर्ण ऐकून घेत आणि मग शांतपणे फणस फोडत. वाडीतली माणसं भोळी, त्यांना मी एक संध्याकाळ तरी फसवलं. माकडांना मात्र पहिल्या वाक्यातच कळलं, की ह्या गृहस्थाला भाषा येत नाही.