नकाराखालची माझी सही

दोषींची नावे नंतर देईन, आज पदे देतो. दसऱ्यानंतरचा सोमवार, दुपार: आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. त्याच दुपारी: त्यांचे लिपिक. त्याच दुपारी, त्याच टेबलापाशी: मी.

त्या दिवशी महिलांसाठी कर्करोग तपासणीचे शिबिर होते. माझ्या पत्नीची पाळी थांबून कित्येक वर्षे झाली होती. तरी पुन्हा रक्त जात होते. सकाळपासून ती रांगेत उभी होती. पाळी गेल्यावरचे रक्त वयामुळे नसते, ते तातडीने तपासायचे असते, हे भिंतीवरच्या फलकावरच लिहिलेले होते.

दुपारी तिचा क्रमांक आला. अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला.

"मेंढरांचा वास मारतोय. हिला आंघोळ घालून पुढच्या वेळी आणा."

"सायेब, पहाटंच न्हाऊन आलीया मी."

मागे उभ्या बागायतदारांच्या बायका हसल्या. पत्नीने पदर आवळला. "आवं, चला घरी."

लिपिकाने कागद सरकवला. "आजोबा, हजेरीची सही करा." मी केली. पत्नीला सही येते. पण आम्हा धनगरांच्या वाडीत बाईच्या कागदावर पुरुषच सही करतो. मला त्यात काही वावगे वाटले नाही. माधवनगरच्या गिरणीत जन्मभर इतरांचे अर्ज लिहिणारा मी; तो कागद वाचला नाही.

संक्रांतीनंतर सांगलीत निदान झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, पसरलेला. "आधी का नाही आणलंत?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

तिच्या नावाने अर्ज करून मी शिबिराची नोंद मागवली. "महिलेने तपासणीस नकार दिला." खाली माझी सही.

मी ते तिला वाचून दाखवले.

"मी कवा नगं म्हन्ले?" ती म्हणाली. मग तिने माझ्या सहीवर बोट ठेवले. "जगाची पत्रं वाचता. माजाच कागद वाचाया हुईना व्हय?"

अधिकाऱ्यांकडे गेलो. ते हसले. "सही तुमचीच आहे ना? मग मिटवा आता."

मिटवणार नाही.

आमच्या घरात यापुढे बाईच्या कागदावर बाईच सही करील, वाचून. सून आणि लेक दोघींची तपासणी करून घेतली. कागद त्यांनीच वाचले.

अधिकारी महोदय, येत्या ग्रामसभेत, वाडीतल्या सर्व बायकांसमोर, माझी पत्नी पहिल्या रांगेत बसलेली असेल. प्रथम मी उभा राहीन आणि माझा गुन्हा कबूल करीन. त्यानंतर आपण उभे राहा आणि तिच्याकडे पाहून सांगा: नकार कोणी दिला?