हसता हसता पडणारा एर्गश

आमच्या मार्गिलान शहरात गुरुवारी पुरुषांची बैठक भरते, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. पुलाव झाला, चहा फिरला की अस्किया सुरू होते. म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांची टर उडवायची आणि बाकीच्यांनी पोट धरून हसायचं. कोण जिंकलं हे ठरवायला आम्हाला पंच लागत नसे, एर्गश होता. टोला झकास बसला की आधी त्याची मान लटकायची, मग गुडघे मोडायचे आणि स्वारी गोधडीवर आडवी. जरा वेळानं उठून चहा मागायचा. 'याकूबनं एर्गशला पाडलं' अशी दुसऱ्या दिवशी बाजारात चर्चा, आणि मी, म्हणजे याकूब, छाती पुढे काढून फिरायचो. त्याला सर्वांत जास्त वेळा मीच पाडलंय. खोटं कशाला बोलू?

एर्गश रेशमाचं सूत रंगवायचा. तिथंही पेंगायचा, मुलाच्या लग्नातसुद्धा पेंगला. जाड माणूस आहे, झोप येणारच, असं आम्ही म्हणायचो.

मग त्याला नात झाली, झुमराद. एकदा ती आजोबाच्या हातात असताना शिंकली आणि स्वतःच्याच शिंकेला दचकून तिनं असं काही तोंड केलं की एर्गशला हसू फुटलं. त्याबरोबर त्याचे हात सैल पडले. पोर घसरून गोधड्यांच्या ढिगावर पडली. लागलं काही नाही, पण सून दिलफुझानं तिला उचललं ती पुन्हा सासऱ्याकडे दिली नाही.

"पोर हातात असताना बाबा झोपले," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी जागा होतो," एर्गश म्हणाला. कोणी लक्ष दिलं नाही.

मुलानं त्याला फरगानाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं लोला नावाच्या डॉक्टरीणबाईंनी अंगभर तारा चिकटवून त्याला रात्रभर झोपवलं आणि सांगितलं की झोपेत याचा श्वास अडतो. हवेच्या यंत्राची नळी जोडलेला मुखवटा नाकावर लावून झोपायचं, वजन उतरवायचं, दिवसाची पेंग जाईल. एर्गश खुशीत परतला. पेंग गेली की नात हातात मिळणार, एवढंच त्याला कळलं होतं.

त्यानं मुखवटा इमानदारीनं लावला. घोरणं थांबलं. त्याच्या बायकोला, सलोमतला, उलट त्या शांततेनं झोप येईना. हा जिवंत आहे ना, म्हणून ती त्याला कोपरानं ढोसायची. पोटही उतरलं. पेंग मात्र जिथल्या तिथं, आणि गुरुवारी मी तोंड उघडलं की एर्गश आडवा.

"याकूब, मला एक सांग," एकदा तो म्हणाला. "श्वास अडतो घशात. मग गुडघे का मोडतात?"

"माझे विनोद भारी असतात म्हणून."

"तू गप रे! मी पडलो तरी तुम्ही काय बोलता ते सगळं मला ऐकू येतं. परवा तू माझ्या ताटातलं मटण उचललंस, तेही ऐकलं. झोपलेल्याला ऐकू येतं का?"

मटणाचं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण प्रश्न माझ्याही डोक्यात शिरला. त्याचा थोरला भाऊ गेला तेव्हा एर्गश ढसाढसा रडला, तरी दिवसभर दारात ताठ उभा होता. रडून पडत नाही, हसून पडतो, हा कसला श्वासाचा आजार?

"चल डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"त्या म्हणतील मुखवटा नीट लावत नाही."

त्या तसं म्हणाल्या नाहीत. यंत्रात सगळी नोंद होती आणि ती चोख होती. तरी पेंग जात नाही, वर हा पडतोही, असं मी सांगितलं तेव्हा त्याही बुचकळ्यात पडल्या. "पडता म्हणजे चक्कर येते?"

"नाही हो. हा बोलला की पडतो," एर्गशनं माझ्याकडे बोट दाखवलं.

लोलाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मग बोला की."

दवाखान्यात विनोद करणं सोपं नाही. पण अस्कियात मुरलेला माणूस मागे हटत नाही. "एर्गश," मी म्हटलं, "ती सोंड लावून झोपतोस ना, शेजाऱ्यांना वाटतंय सलोमतनं हत्ती पाळलाय. विचारत होते, शेताला शेण कधी मिळेल?"

एर्गशचा जबडा लोंबला, मान कलली आणि तो खुर्चीतून ओघळला. मी त्याला काखेत धरलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी छोटी हातोडी घेऊन त्याच्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. तो सावरल्यावर पुन्हा ठोकलं, तर पाय टुणकन उडाला.

"अहो, हे पहिल्यांदा आलात तेव्हा का नाही सांगितलंत?"

"हे कशाला सांगायचं?" एर्गश गोंधळला. "आमच्यात हसून पडणं म्हणजे समोरच्याला मान देणं असतं."

पुन्हा तारा लावल्या. या वेळी दिवसाही निजवून पाहिलं. श्वास अडत होता हे खरंच होतं, पण जोडीला दुसरा आजार निघाला. झोप आणि जाग यांच्यामधली भिंत याची पातळ आहे, बाई म्हणाल्या. हसू आलं की झोपेतला ढिलेपणा जागेपणी अंगात शिरतो. मुखवटा सोडायचा नाही, वर गोळ्या घ्यायच्या, आणि मूल घ्यायचं ते खाली बसूनच.

गोळ्या लागू पडल्या. एका गुरुवारी मी हुकमी टोला हाणला. एर्गश खो खो हसला आणि बसलेलाच राहिला. सगळे माझ्याकडे मी म्हातारा झाल्यासारखे बघू लागले. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं पाडत होता तो आजार, आणि ऐट मी मिरवली.

पण दिलफुझाची खात्री पटेना. तिनं मलाच बोलावणं धाडलं. सासऱ्याला गोधडीवर बसवून तिनं एक मोठं कलिंगड झुमरादच्या दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "काका, तुमचा सगळ्यात भारी विनोद काढा."

मी एकामागून एक काढत गेलो. एर्गशच्या डोळ्यांतून पाणी आलं, दिलफुझासुद्धा हसून हसून भिंतीला टेकली. कलिंगड हललं नाही. मग तिनं ते काढून घेतलं आणि त्याच्या हातात पोर दिली.

एर्गशचा चेहरा एकदम दगडासारखा झाला. झुमरादनं त्याची दाढी ओढली, नाकात बोट घातलं, तरी तो ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहिला. पोर हातातून घसरली त्या दिवसापासून तो नातीसमोर असाच बसत होता, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. सलोमतला वाटलं होतं, रुसलाय.

"हसा ना, बाबा," दिलफुझा हळूच म्हणाली. "नाही पडणार ती."

त्यानं नातीकडे पाहिलं आणि तो हसला, अगदी गुरुवारसारखा, मोठ्यांदा. झुमराद दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. आजोबा हसताना कसे दिसतात, हे ती विसरून गेली होती.