भरीव झाडाचा आवाज

शेंडेकर हे त्याचं आडनाव नव्हे. झाडाच्या अगदी शेंड्यापर्यंत जाऊन वाळकी काडी मोडून आणणारा माणूस म्हणून कधीतरी कोणीतरी त्याला ते चिकटवलं. पुढे ते इतकं पक्कं झालं की दुकानदार पावतीवर तेच लिहू लागला आणि शेजारणी त्याच्या बायकोला शेंडेकरवहिनी म्हणू लागल्या. तीस वर्षं हा माणूस झाडांवर चढत आला होता. छपरावर आलेल्या फांद्या छाटायच्या, वादळात चिरफळलेलं झाड तुकड्यातुकड्यानं खाली आणायचं, हा त्याचा धंदा. खाली दोर धरायला मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. रोज सकाळी आपला जीव मेहुण्याच्या हातात देणारा माणूस जगात दुसरा सापडायचा नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि स्वतःच हसे. मेहुणा हसत नसे. तो दोराला पीळ पडलाय का ते बघत बसलेला असे.

कामाची सुरुवात मोगरीनं होई. लाकडाची, जड मोगरी, मुठीजवळ घामानं काळी पडलेली. शेंडेकर खोडाभोवती फिरत गुडघ्याच्या उंचीवर, कमरेच्या उंचीवर, खांद्याच्या उंचीवर ठोके मारी आणि सालीला कान लावी. भरीव झाड ‘ठक्’ असा आखूड आवाज देतं. आतून कुजलेलं झाड ‘ढब’ करतं आणि तो आवाज आत थोडा वेळ घुमत राहतो. पोकळ झाडावर चढायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम. त्याला क्रेन लावायची, क्रेनच्या पाळण्यात उभं राहून वरून खाली कापत यायचं आणि शेवटी खोड बुंध्यातून काढायचं. शेंडेकरनं कागदावर ‘झाड आतून पोकळ आहे’ एवढं लिहून दिलं की कचेरीतला साहेब फार प्रश्न न विचारता तोडायची परवानगी देई. एवढी त्याच्या कानाची पत होती.

आणि गेली दोन वर्षं हा कान खोटं बोलत होता.

झालं होतं एवढंच की एका कामावर त्याच्या पायाखालची फांदी अचानक तुटली. पट्टा होता, दोर होता, मेहुण्यानं दोर आवळला. अर्धं मिनिट तो हवेत लोंबकळला आणि सुखरूप खाली आला. खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी त्यानं दोन कप चहा प्यायला, सगळ्यांना नक्कल करून दाखवली, सगळे पोट धरून हसले. दोन आठवड्यांनी एका साध्यासुध्या झाडावर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, त्याचा डावा गुडघा आपोआप लटपटू लागला.  हात फांदीला असे चिकटले की सुटेनात. कशीबशी दोन डहाळ्या कापून तो उतरला आणि म्हणाला, “वारा फार आहे आज.” पान हलत नव्हतं.

मग उंच झाडांसाठी कारणं सुरू झाली; बुटक्यांवर तो कसाबसा चढे. कधी पाठ, कधी वारा, कधी करवतीचं मशीन. पण कारणं किती दिवस पुरणार? एकदा एक झाड खरंच संशयास्पद निघालं. त्यानं क्रेन लावली आणि पाळण्याच्या कठड्याला पोट टेकून उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की इथे गुडघा लटपटत नाही. त्यानंतरचं झाड अर्धवट संशयास्पद होतं. त्याच्यानंतरचं मुळीच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याची मूठ झाकलेली राहिली आणि झाडं मात्र जात राहिली. बावन्न वर्षांच्या माणसानं, ज्याचं नावच शेंड्यावरून पडलंय त्यानं, मला उंचीची भीती वाटते असं कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा पोकळ म्हणणं सोपं होतं.

सिस्टरच्या घरचं काम आलं तेव्हा ही अशी परिस्थिती होती.

सिस्टर म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. एकटी राहायची. फाटकाशी एक मोठं शिरीषाचं झाड होतं आणि त्याच्या तीन फांद्या कौलांवर टेकल्या होत्या.

“या तीन तेवढ्या काढा,” ती म्हणाली. “बाकी झाडाला हात लावू नका. संध्याकाळी मी याच्याखालीच बसते.”

शेंडेकरनं मोगरी घेतली. गुडघ्याशी ठक्. कमरेशी ठक्. खांद्याशी ठक्. उगाच मागच्या बाजूनंही वाजवून पाहिलं, तिकडेही ठक्. मग त्यानं वर पाहिलं. पहिलं बेचकं घराच्या कौलांइतकं उंच होतं आणि छाटायच्या फांद्या त्याच्याही वर, बाहेर पसरलेल्या. त्याच्या तळव्यांना घाम सुटला. मोगरी त्यानं पँटला पुसली आणि तो म्हणाला, “पोकळ आहे.”

सिस्टरनं वर झाडाकडे पाहिलं. नोकरीत अशी वाक्यं तिनं पुष्कळ ऐकली होती, पुष्कळांना ऐकवलीही होती.

“किती दिवस आहेत त्याच्याजवळ?” तिनं विचारलं.

“एखादं मोठं वादळ आलं की घरावरच येईल.”

“तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार,” ती म्हणाली आणि खोडावर हात ठेवून उभी राहिली. मेहुणा मूग गिळून दोर गुंडाळत होता. फांदीवरून दोर ओवण्यासाठी वर फेकायला काढलेली वजनाची पिशवी त्यानं न बोलता परत पेटीत ठेवली.

परवानगी आली, क्रेन आली. पाळण्यात उभा राहून शेंडेकरनं सकाळपासून फांद्या उतरवल्या. वर असताना तो क्रेनवाल्यावर ओरडला, गल्लीतल्या लोकांना मागे हटवलं, एक विनोदही केला. दुपारी खोड तेवढं राहिलं. सिस्टर खुर्ची घेऊन ओट्यावर बसली होती. आत जा म्हटलं तर गेली नाही. “शेवटी कोणीतरी जवळ असावं,” म्हणाली.

खोड पडलं आणि धूळ बसल्यावर सगळ्यांना बुंधा दिसला. कडेला फिकट, आत गडद तपकिरी, वर्तुळात वर्तुळ, ओलसर आणि इतका घट्ट की सुई शिरली नसती. कुजल्याचा डाग नाही, वाळवी नाही, साधी चीरसुद्धा नाही.

सिस्टर उठून आली. वाकून तिनं त्यावर बोट फिरवलं. “पोकळ कुठे आहे?”

“वरच्या भागात होतं,” शेंडेकर म्हणाला. “ते तुकडे आधीच उतरवले ना.”

ते तुकडे अंगणातच पडले होते. एकेक तिच्याकडे तोंड करून, आणि एकेक भरीव. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. क्रेनवाला मिशी चावत दुसरीकडे बघू लागला. जमीन दुभंगली असती तर शेंडेकर आनंदानं आत गेला असता, पण जमीन कुठली दुभंगते! ती भुशानं भरली होती.

“असू दे,” सिस्टर शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “चूक माणसाकडूनच होते. आमच्याकडून तर जिवंत माणसांच्या बाबतीत व्हायची. मनाला लावून घेऊ नका.”

आणि तिनं सगळ्यांना चहा दिला. शेंडेकरनं तो घेतला, प्यायला, वर “चहा छान आहे” असंही म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर तो ताठ उभा राहिला असता. पण तिनं माफी दिली होती ती चुकीला, आणि चूक तर झालीच नव्हती. दुसऱ्याच माणसाच्या नावानं आलेलं काहीतरी आपण हात पुढे करून घेतलंय, हे त्याला पुरतं कळत होतं आणि तरीही त्यानं ते परत केलं नाही. त्याला स्वतःची मनापासून किळस आली.

परतताना टेंपो मेहुणा चालवत होता. चोराच्या मनात चांदणं, शेवटी शेंडेकरच म्हणाला, “कधीकधी आवाज फसवतो रे.”

“भाऊजी,” मेहुणा समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “दोरातून कळतं.”

“काय कळतं?”

“तुम्ही वर थरथरता ते. खाली माझ्या हातात येतं. दोन वर्षं झाली.”

शेंडेकरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी मला दाखवायला म्हणून तुम्ही उंच झाडावर चढला असता. तुमचा स्वभाव मला ठाऊक नाही का? आणि पडला असता तर ताईला काय सांगायचं होतं मी?” गिअर बदलत तो पुढे म्हणाला, “म्हटलं, झाड तर झाड. माणूस खाली राहतोय ना. पण आज त्या बाईंनी मला चहा दिला तो घशाखाली उतरेना. मीही सामीलच आहे यात.”

घरी बायकोनं दारातच विचारलं, “पडलं का नीट? कोणाला लागलं नाही ना?” आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आमच्या ह्यांचा कान कधी चुकायचा नाही.” शेंडेकर हातपाय धुवायला गेला आणि गरजेपेक्षा फार जास्त वेळ पाणी अंगावर घेत राहिला.

सकाळी त्यानं मेहुण्याला हाक मारली. दोघं सामानासकट टेंपो घेऊन सिस्टरच्या फाटकाशी आले तेव्हा ती ओट्यावरच होती. खुर्ची रोजच्या जागी, म्हणजे बुंध्याशेजारी, ठेवलेली होती. पण तिथे ऊन होतं.

“सिस्टर, ती चूक नव्हती,” शेंडेकर उभ्याउभ्याच म्हणाला. वाक्य त्यानं वाटेत दहादा जुळवलं होतं, तरी ते तुकड्यातुकड्यानंच बाहेर आलं. “झाड भरीव आहे हे मला ठोकलं तेव्हाच कळलं होतं. मला वर चढायची भीती वाटते. म्हणून पोकळ म्हणालो.”

 हळूहळू तिचा चेहरा कठीण झाला.

“किती झाडं?” तिनं विचारलं.

“तुमचं सातवं.”

“भीती वाटते एवढं सांगितलं असतं, तर दुसरं कोणी चढलं असतं ना?”

 दोन वर्षांत त्यानं शंभर कारणं शोधली होती, आणि दुसरं कोणी चढेल ही गोष्ट एकदाही त्याच्या मनात आली नव्हती. आपण चढणार नसू तर झाड पडलेलं बरं, असंच तो धरून चालला होता. हे कळलं तेव्हा भीतीपेक्षा याचीच त्याला जास्त लाज वाटली. त्यानं मान खाली घातली.

“कालची चूक मी कालच माफ केली,” सिस्टर म्हणाली. “हे मला जमायचं नाही.” मग ती उठली. “मोगरी आणली आहे? मागे चला.”

घरामागे दुसरा शिरीष होता, पहिल्याहून जरा लहान. त्याची एक फांदी पाण्याच्या टाकीवर आली होती.

“ठोका,” ती म्हणाली. “आणि भरीव झाडाचा आवाज कसा असतो ते मला ऐकू द्या.” तिनं चष्मा काढला आणि स्वतः सालीला कान लावला. त्याच्या शब्दावर आता तिचा भरवसा नव्हता, आणि तसं ती समोरच, त्याच्या मेहुण्यादेखत दाखवत होती. शेंडेकरनं मोगरी उचलली. गुडघ्याशी, कमरेशी, खांद्याशी. प्रत्येक ठोक्याला तिचे डोळे मिटत होते.

“ठणठणीत आहे,” तो म्हणाला.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “आता चढणार कोण?”

शेंडेकर काही बोलायच्या आत मेहुण्यानं त्याचा पट्टा उचलून स्वतःच्या कमरेला बांधला. मेहुणा आजवर लहानसहान झाडांवर चढला होता. मोठी झाडं भाऊजींची. वजनाची पिशवी त्यानं दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा ती वरच्या बेचक्यातून पार गेली. दोर ओढून घेतला, एक टोक पट्ट्याला अडकवलं आणि दुसरं टोक शेंडेकरच्या हातात दिलं.

“धरा, भाऊजी.”

तीस वर्षांत शेंडेकरनं खालून दोर कधी धरला नव्हता. दोर तळव्यांत सरकत राहिला आणि तो ढील आवरत गेला. मेहुणा पहिल्या बेचक्याच्या वर गेला, फांदीवर एक पाय टाकला, आणि तेवढ्यात दोर शेंडेकरच्या हातात थरथरू लागला. बारीक, भराभर, न थांबता. त्यानं वर पाहिलं. मेहुण्याचा डावा गुडघा लटपटत होता.

“उतर!” तो खालून ओरडला. “उतर, राहू दे!”

“आवळून धरा फक्त,” वरून मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. त्यानं करवत काढली आणि दुसरा पाय पुढे टाकला. दोर थरथरतच होता. शेंडेकरनं तो दोन्ही मुठींत आवळून धरला आणि फांदी खाली येईपर्यंत सिस्टरकडे पाहिलं नाही.